वेगाचा पाट आणि अरुंद दारे

प्रवरेच्या कालव्यांवर शेती करणाऱ्या मुलखात पाण्याचा हिशेब कोणाला शिकवावा लागत नाही. १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यातून दुथडी वाहत असले, तरी चारीचे तोंड अरुंद असेल तर वावरात तेवढेच पोहोचते, हे देवळाली प्रवरेतील कोणताही शेतकरी जाणतो. त्याच गावातील शिक्षक किंवा कारकून घरी इंटरनेटची जोडणी घेताना मात्र हा हिशेब विसरतो. सेकंदाला तीनशे मेगाबिटचा वेग तो विकत घेतो, दरमहा बिल बिनचूक भरतो, आणि तो वेग घरभर वाटणारी राउटर नावाची डबी अँटेनांची संख्या पाहून निवडतो.

वस्तुतः पाहावयाची ती डबीची मागील बाजू. तारा जोडण्याचे जे पोर्ट तेथे असतात, ते स्वस्त राउटरमध्ये अजूनही पुष्कळदा शंभर मेगाबिटचेच असतात. हे मान १९९५ चे आहे. त्यातून प्रत्यक्ष हाती लागतात पंचाण्णवच्या आसपास. म्हणजे तीनशेचे पैसे देणाऱ्याचा दोन-तृतीयांश माल दारातच अडतो आणि त्याची किंमत तो दरमहा मोजत राहतो. साध्या तांब्याच्या तारेवरून हजार मेगाबिट नेण्याचे मानक १९९९ मध्येच ठरले. ‘कॅट-५ई’ जातीची तार शंभर मीटरपर्यंत तेवढा वेग नेते. अट एकच, आतील आठही तारा जोडलेल्या हव्यात. चारच जोडून कारागीर निघून गेला, तर उत्तम राउटरही पुन्हा शंभरावर येतो. जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि नव्या घरांचे स्लॅब बिनतारी लहरींना मानवत नाहीत. तेव्हा विद्यार्थ्याच्या टेबलापर्यंत तार ओढणे ही चैन नव्हे.

पोर्टाइतकाच महत्त्वाचा, पण डोळ्यांना न दिसणारा भाग म्हणजे फर्मवेअर, अर्थात डबीच्या पोटात कायम वस्तीला असलेली आज्ञावली. तीत दोष निघतात. कंपनी काही वर्षे ते दुरुस्त करते, मग नवे मॉडेल बाजारात आणून जुन्याकडे पाठ फिरवते. यंत्र धडधाकट असते, पण घराच्या दाराची कडी मोडलेली असते. यावर तोड निघाली ती एका कायदेशीर अटीमुळे. लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरलेले होते, आणि लिनक्सच्या परवान्यानुसार मूळ आज्ञावली खुली करणे भाग होते. २००३ मध्ये कंपनीने ती खुली केली आणि २००४ मध्ये तिच्यावरून ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा मुक्तस्रोत प्रकल्प उभा राहिला. कंपनीने सोडून दिलेल्या अनेक राउटरांना आज त्याच्याच दुरुस्त्या मिळतात.

परंतु येथेही नावावर विसंबण्यात धोका आहे. त्याच डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत, २००५ मध्ये, कंपनीने लिनक्स काढून टाकले आणि स्मरणशक्ती निम्म्यावर आणली. खोक्यावरील नाव तेच, वस्तू निराळी! पुढे लिनक्सवाले मॉडेल वेगळ्या नावाने विकले गेले, हा व्यापारी विनोद म्हणावा लागेल. आजही एकाच नावाखाली निरनिराळ्या चिपा विकल्या जातात. म्हणून तळाच्या चिठ्ठीवरील आवृत्तीचा आकडा प्रकल्पाच्या यादीशी ताडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. स्थायी स्मृती आठ आणि कार्यस्मृती चौसष्ट मेगाबाइट ही किमान पायरी. सोळा आणि एकशे अठ्ठावीस असल्यास बरे.

आणखी एक खाच आहे. पोर्ट हजाराचे असूनही प्रोसेसर दुबळा असू शकतो. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये चिपमधील खास यंत्रणा त्याचा भार उचलते. मुक्त फर्मवेअरला ती यंत्रणा सर्वच चिपांत वापरता येत नाही, आणि वेग घसरतो. उलट, घरात एकाने मोठी फाइल उतरवायला घेतली की दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, त्यावर पाळीपाळीने वाटप करण्याची उत्तम सोय ओपनडब्ल्यूआरटीत आहे. टेलच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळावे, असाच हा प्रकार. मात्र हे वाटप करायलाही प्रोसेसर तगडाच लागतो.

खरेदीपेक्षा देखभाल भारी पडते, याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याची योजना सुरू झाली. ऊस-उत्पादकांच्या हिशेबासाठी तिचा मुख्यतः उपयोग झाला. पुढे तेच काम मोबाइलच्या लघुसंदेशांवर स्वस्तात भागते, हे काही गावांतील प्रयोगाने दाखविले. गावोगाव बसविलेल्या यंत्रांचा सांभाळ कोणी करायचा, हा प्रश्न तेथे होता. तो प्रत्येक घरात आहे.

सेवा देणाऱ्या कंपनीची फायबरची डबी सहसा कुलूपबंद असते. ती फेकून देण्याचे कारण नाही. तिला केवळ वाहक ठेवून, म्हणजे ‘ब्रिज’ करून, मागे स्वतःचा राउटर लावता येतो. फर्मवेअर बदलताना चुकीची फाइल पडली तर डबी निकामी होऊ शकते आणि हमीही जाऊ शकते. घरात किंवा शेजारी या कामाचा जाणता विद्यार्थी नसेल, तर ज्या शिक्षकाला हा उपद्व्याप नको असेल त्याने हजार मेगाबिटच्या पोर्टांचा राउटर घेऊन कंपनीच्याच फर्मवेअरवर तूर्त चालवावा. तो यादीतला असला, म्हणजे कंपनीने दुरुस्त्या थांबविल्या त्या दिवशीही दुसरी वाट मोकळी राहते.