संगणकाचा आवाज : दोषशोध आणि निगा

वर्गात पडद्यावर पाठ सुरू होतो. चित्र स्वच्छ दिसते, अक्षरे सरकतात, पण आवाज येत नाही. शिक्षक तारा हलवून पाहतात, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतात आणि तेवढ्यात तासिका संपते. एखाद्या कार्यालयात दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणी चालू असताना हाच प्रसंग अधिक गंभीर होतो. अर्जदाराचा चेहरा दिसतो, त्याचे म्हणणे मात्र तुटक ऐकू येते. ज्याच्यासाठी सुनावणी ठेवलेली असते, त्याचेच शब्द नोंदीतून गळतात.

अशा वेळी संगणकावर ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो आणि नव्या खरेदीची मागणी पुढे जाते. वास्तविक पुष्कळदा संगणकाचा एकही भाग मोडलेला नसतो. आवाज चुकीच्या वाटेने गेलेला असतो किंवा वाटेत कोठेतरी अडलेला असतो. ती वाट माहीत असेल, तर दोष शोधण्याचे काम तंत्रज्ञाची वाट न पाहताही बरेचसे करता येते.

ध्वनीचा मार्ग

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपाने साठवलेला असतो. पाठ दाखविणारा प्रोग्राम हे आकडे विंडोज किंवा लिनक्स यांसारख्या कार्यप्रणालीच्या हवाली करतो. कार्यप्रणाली ते ड्रायव्हरकडे देते. ड्रायव्हर ही एक छोटी आज्ञावली असून तिचे काम दुभाष्याचे असते. कार्यप्रणालीची भाषा आणि ध्वनीच्या चिपची भाषा यांची सांगड ती घालते. चिप आकड्यांचे रूपांतर विद्युत्‌लहरींत करते. या लहरी तारेतून ॲम्प्लिफायरकडे आणि तेथून स्पीकरकडे जातात व अखेर हवेत कंपने उमटतात. मायक्रोफोनच्या बाबतीत हाच प्रवास उलट दिशेने होतो.

या साखळीचा एक दुवा निसटला तरी परिणाम एकच, तो म्हणजे शांतता. म्हणून एकाच वेळी सर्व काही बदलून पाहण्याऐवजी साखळीचे दोन भाग करून तपासणे श्रेयस्कर ठरते.

प्रथम बाहेरची तपासणी

स्पीकरची तार काढून त्या जागी साधा इयरफोन लावावा. त्यात आवाज आला, तर संगणक निर्दोष असून दोष तार, ॲम्प्लिफायर किंवा स्पीकर यांत आहे, असे समजावे. त्याच स्पीकरला मोबाईल जोडून पाहिल्यास ही गोष्ट पक्की होते. इयरफोनमध्येही आवाज नसेल, तर शोध संगणकाच्या आत घ्यावा लागेल.

टेबलावरील संगणकाच्या मागील बाजूस सामान्यतः हिरव्या कडेचे छिद्र स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळे बाहेरील उपकरणाचा आवाज आत घेण्यासाठी असते. सफाईनंतर तारांची अदलाबदल होणे ही नित्याची गोष्ट आहे. कळफलकावरील आवाज बंद करणारी कळ अनवधानाने दाबली गेली नाही ना, हेही याच वेळी पाहावे.

प्रोजेक्टर जोडल्यावर आवाज का जातो?

शाळांतून आढळणारी ही एक नेहमीची अडचण आहे. एचडीएमआय तारेतून चित्राबरोबर आवाजही जातो. ही तार जोडताच विंडोज अनेकदा प्रोजेक्टरलाच स्पीकर मानते आणि आवाज तिकडे वळवते. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल किंवा त्याचा आवाज बंद असेल, तर वर्गाला काहीच ऐकू येत नाही.

यावरील उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन ध्वनी बाहेर टाकणाऱ्या उपकरणांची यादी उघडावी आणि प्रोजेक्टरऐवजी ‘स्पीकर्स’ हे नाव निवडावे. यादीत योग्य नाव असूनही आवाज नसेल, तर त्या विशिष्ट प्रोग्रामचा आवाज व्हॉल्यूम मिक्सरमध्ये शून्यावर आहे का, ते पाहावे.

ड्रायव्हरचा दोष

उपकरणांच्या यादीत स्पीकरचे नावच नसेल, तर ड्रायव्हरकडे वळावे. स्टार्टच्या चिन्हावर माउसची उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा व त्यातील ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा विभाग पाहावा. नावाशेजारी पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह असेल, तर ते उपकरण नीट चालत नाही. खाली वळलेला बाण असेल, तर ते कोणीतरी बंद केले आहे आणि ‘एनेबल’ करताच सुरू होईल.

उद्गारचिन्ह असल्यास उपकरणाची नोंद ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करावा. बहुतेक वेळा विंडोज ड्रायव्हर पुन्हा आपोआप बसवते. तसे न झाल्यास विंडोजसोबत येणारा ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर यादीतून निवडता येतो. कार्यप्रणाली अद्ययावत झाल्यानंतर लगेच आवाज गेला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ या सोयीने आधीच्या ड्रायव्हरकडे परतता येते. विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्यामुळे कार्यप्रणाली बदलल्या जात असलेल्या जुन्या संगणकांबाबत हा टप्पा विशेष लक्षात ठेवावा.

नवा ड्रायव्हर घ्यावयाचा झाल्यास तो संगणक बनविणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, संगणकाचा मॉडेल क्रमांक पाहूनच घ्यावा. सर्व ड्रायव्हर फुकट देऊ करणाऱ्या जाहिरातींच्या मार्गे घातक आज्ञावली शिरण्याचा धोका असतो. कार्यालयीन संगणकावर यासाठी प्रशासकीय परवानगी लागते आणि ती रीतसर घेणेच योग्य होय.

प्रगत संगणन विकास केंद्राने तयार केलेल्या ‘बॉस’सारख्या लिनक्स प्रणालीत ड्रायव्हर सामान्यतः गाभ्यातच असतात. तेथे ‘अल्सामिक्सर’ ही आज्ञा देऊन पाहावे. एखाद्या पट्टीखाली ‘एमएम’ ही अक्षरे दिसली, तर ती पट्टी मुकी केलेली आहे. ‘एम’ची कळ दाबताच ती बोलू लागते.

आवाज येतो, पण स्पष्ट नाही

ध्वनी आकड्यांत बदलताना त्याचे दर सेकंदाला असंख्य नमुने घेतले जातात. जितक्या कंपनसंख्येपर्यंतचा आवाज टिपावयाचा, त्याच्या दुपटीहून अधिक नमुने लागतात. मनुष्याचा कान साधारणतः २० ते २०,००० कंपने ऐकतो. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्यासाठी १६ बिट, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या, हे मान ठरले. चलचित्रांसाठी ४८,००० नमुन्यांचा प्रघात आहे. जुन्या दूरध्वनी पद्धतीत केवळ ८,००० नमुने घेतले जात आणि सुमारे ३,४०० कंपनांपुढील भाग गाळला जाई. ‘स’ आणि ‘श’ यांतील भेद दूरध्वनीवर कळेनासा होतो, तो याच कारणाने.

विंडोजमध्ये स्पीकरच्या प्रगत गुणधर्मांत हे मान बदलता येते. वर्ग आणि सभा यांसाठी १६ बिट व ४८,००० हे मान पुरेसे आहे. १,९२,००० पर्यंतचे पर्याय दिसतात म्हणून ते निवडल्याने मूळचे निकृष्ट ध्वनिमुद्रण सुधारत नाही. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार? आवाज तडतडत असल्यास मात्र मान बदलून पाहावे आणि ‘एन्हान्समेंट्स’ नावाच्या सुधारणा बंद कराव्यात. आवाज खुलविण्यासाठी असलेल्या या सोयी कधी कधी बोलणे बिघडवतात.

आवाज फाटत असल्यास प्रोग्राम आणि संगणक यांचे आवाज सुमारे तीन चतुर्थांशावर ठेवून उरलेली वाढ ॲम्प्लिफायरवर करावी. संगणकाची तार ॲम्प्लिफायरच्या माइकच्या छिद्रात न घालता ‘ऑक्स’ किंवा ‘लाइन’ असे लिहिलेल्या छिद्रात घालावी. माइकचे छिद्र अतिशय क्षीण लहरींसाठी असते. तेथे संगणकाचा जोरकस आवाज दिल्यास तो फाटणारच.

ब्लूटूथ हेडसेट ऐकताना उत्तम वाटतो, परंतु त्याचा माइक सुरू होताच पुष्कळ उपकरणांत आवाज कमी प्रतीचा होतो. अशा वेळी माइक म्हणून लॅपटॉपचा अंगचा माइक निवडावा. बैठक सुरू होताच इतर आवाज एकाएकी मंद झाले, तर तोही बिघाड नव्हे. संभाषणाच्या वेळी इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करण्याची विंडोजची ती पूर्वनियोजित सोय असून ‘कम्युनिकेशन्स’ या विभागात ‘डू नथिंग’ निवडून ती बंद करता येते.

सुनावणी आणि सभा

दूरदृश्य बैठकीत पलीकडच्यांना आपले ऐकू येत नसेल, तर प्रायव्हसीच्या विभागात माइक वापरण्याची परवानगी त्या प्रोग्रामला दिलेली आहे का, हे प्रथम पाहावे. एकाच खोलीत दोन उपकरणे त्याच बैठकीत असल्यास प्रतिध्वनी घुमतो. त्यांपैकी एकाचेच माइक व स्पीकर सुरू ठेवावेत. बोलणाऱ्याने माइकपासून वीतभर अंतरावर बसावे.

सतत घूं असा आवाज येत असेल, तर तो बहुधा ५० कंपनांच्या वीजपुरवठ्याचा असतो. लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. आवाज थांबला, तर कारण चार्जर किंवा अर्थिंग यांत आहे. संगणक व ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर जोडल्याने पुष्कळदा काम भागते. हा आवाज घालविण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती प्राणघातक ठरू शकते आणि कोणत्याही परिस्थितीत अवलंबू नये.

नोंदीचे महत्त्व

प्रत्येक शाळेने व कार्यालयाने संगणकाशेजारी एक छोटी नोंदवही ठेवावी. तीत मॉडेल क्रमांक, ड्रायव्हरचे नाव, निवडलेले ध्वनिमान आणि पूर्वी आढळलेले दोष व उपाय लिहावेत. बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यास मग पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. तंत्रज्ञाला बोलावण्याची वेळ आलीच, तर कोणत्या दुव्यापर्यंत आवाज पोचतो, हे त्याला नेमके सांगता येते.

पाठ किंवा सुनावणी सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे आधी एकाने माइकवर बोलावे आणि दुसऱ्याने खोलीच्या शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावे. तेथपर्यंत शब्द स्पष्ट पोचले, तरच तयारी पूर्ण झाली असे समजावे. शेवटच्या रांगेतील विद्यार्थ्याला आणि दूरच्या गावातून बोलणाऱ्या अर्जदाराला ऐकणे व ऐकवणे यांचा समान हक्क आहे.