सुपरहिरोने अष्टौप्रहर जागं राहावं का?

लेखमाला : शक्ती आणि जबाबदारी – लेखांक ५

मागच्या लेखात आपण सुपरहिरोच्या मुखवट्याबद्दल बोललो. नाव लपवून केलेल्या कृतीचा जाब कुणाला विचारायचा, हा तिथला प्रश्न होता. आजचा प्रश्न त्याला लागूनच आहे. लोकांना वाचवण्याची ताकद ज्याच्या अंगी आहे, त्याने ती सतत वापरलीच पाहिजे, असा हक्क लोक सांगू शकतात का? एक दिवस तो घरी राहिला आणि नेमका त्याच दिवशी पूल कोसळला, तर ते मृत्यू त्याच्या खात्यावर मांडायचे का?

बहुतेकांना उत्तर स्पायडरमॅनच्या जन्मकथेत सापडतं. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांनी ती ऑगस्ट १९६२च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५व्या अंकात सांगितली. नव्याने शक्ती मिळालेल्या पीटर पार्करसमोरून एक चोर पळत जातो. मागून धावणारा पोलीस त्याला अडवायला सांगतो, पण पीटर जागचा हलत नाही. पुढे त्याच चोराच्या हातून पीटरच्या काकांचा, बेनचा, खून होतो. शक्ती जितकी मोठी तितकी जबाबदारी मोठी, हे या कथेचं सार आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण पीटरची चूक नेमकी कोणती होती? तो रात्रभर शहरावर पहारा देत नव्हता, ही नव्हे. डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट हात पुढे करून थांबवता येत असताना त्याने ती थांबवली नाही, ही त्याची चूक. एवढ्या कथेतून चोवीस तासांच्या पहाऱ्याचं बंधन निघत नाही. ते आपण वाचकांनी आणि पीटरच्या अपराधी मनाने मिळून त्याच्यावर लादलं आहे. जुलै १९६७च्या ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’च्या ५०व्या अंकात तो कंटाळून आपला पोशाख कचऱ्याच्या डब्यात टाकतो. त्याला परत आणतो तो संकटात सापडलेला एक म्हातारा रखवालदार, आणि तोही पीटरच्या डोळ्यांसमोरच असतो.

सुपरमॅनच्या बाबतीत मात्र ‘समोर’ या शब्दाला काही हद्दच उरत नाही. त्याला मैलोगणती दूरचा आवाज ऐकू येतो आणि क्षणात तिथे पोचताही येतं. आपल्यासारख्या माणसांना दूरच्या दुःखापासून सोडवणारी सबब अंतराची असते. मला कळलं नाही, कळलं तरी पोचता आलं नसतं, असं आपण म्हणतो. सुपरमॅनला असं म्हणायची सोय नाही. मग त्याने झोपायचं कधी? ‘डेली प्लॅनेट’ या वृत्तपत्राची बातमी लिहीत बसलेला क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅनच, त्या तासाभरात कितीतरी माणसांना मरू देत असतो, असा हिशेब कुणी मांडला तर त्याला उत्तर काय?

हा हिशेब तत्त्वज्ञानात मांडला गेला तो पीटर सिंगर यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात. पूर्व बंगालमधून भारतात लोटलेल्या निर्वासितांची उपासमार सिंगर यांच्यासमोर होती. उथळ तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवताना कपडे चिखलाने भरतील म्हणून कुणी मागे सरला, तर आपण त्याला क्षमा करणार नाही. मग ते मूल हजारो मैलांवर आहे एवढ्याने आपली जबाबदारी कमी कशी होते, असा त्यांचा सवाल होता. तो सवाल मला आजही अस्वस्थ करतो आणि करावा. पण सिंगर यांचं तळं एकच आहे आणि मूलही एकच. सुपरमॅनसमोर तळी संपतच नाहीत. प्रत्येक वेळी द्यावी लागणारी किंमत क्षुल्लक असते हे खरं. पण अशा क्षुल्लक किमती अखंड मोजत गेल्यावर एक अख्खं आयुष्य खर्ची पडतं, आणि ते आयुष्य क्षुल्लक नसतं.

जे. ओ. अर्मसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली या गुंत्यातला एक धागा फार नेमका पकडला होता. प्लेगने ग्रासलेल्या शहरात आपण होऊन सेवेला जाणारा डॉक्टर घ्या. त्याला विचारलं तर तो म्हणेल, मी फक्त माझं कर्तव्य केलं. पण तो जाण्याआधी दुसऱ्या कुणी ‘जाणं तुझं कर्तव्यच आहे’ असं त्याला बजावलं असतं, तर ते उद्धटपणाचं ठरलं असतं. वीर स्वतःकडून जे मागतो, ते इतरांना त्याच्याकडून हक्काने मागता येत नाही. सुपरहिरोंच्या कथांमध्ये नेमका हाच घोटाळा होतो. नायकाने स्वतःवर घेतलेलं ओझं चौथ्या पानावर जनतेची मागणी बनतं आणि दहाव्या पानावर जनतेचा संताप.

सिंगर यांचा निबंध आला त्याच १९७२च्या जानेवारीची तारीख असलेल्या ‘सुपरमॅन’च्या २४७व्या अंकात ही शंका खुद्द नायकाच्या मनात पेरली गेली. लेखक इलियट मॅगिन, चित्रकार कर्ट स्वान. विश्वाचे रखवालदार म्हणवणारे परग्रहवासी त्याला सुचवतात की, तुझ्या मदतीमुळे पृथ्वीवरच्या माणसांची वाढ खुंटते आहे. तो विचारात पडून परततो. कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या एका मुलाला मुकादम मारत असतो. सुपरमॅन त्याला अडवतो. मजूर मात्र त्याने आपली सगळीच गाऱ्हाणी दूर करावीत म्हणून त्याच्याभोवती गोळा होतात. तो नकार देतो, तुमचं तुम्हाला उभं राहायला हवं असं सांगतो. तेवढ्यात भूकंप होतो, आणि तेव्हा मात्र तो धावतो.

ही कथा मला महत्त्वाची वाटते, पण तिच्यात एक गोष्ट खटकते. कॅलिफोर्नियाच्या शेतमजुरांना उभं राहायला शिकवण्याची गरजच नव्हती. डेलानोच्या द्राक्षमळ्यांतला संप १९६५ साली सुरू झाला आणि पाच वर्षं चालला. फिलिपिनो आणि मेक्सिकन वंशाचे मजूर एकत्र आले, सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्टा यांच्या नेतृत्वाखाली देशभर द्राक्षांवर बहिष्कार घडवला आणि १९७० साली मळेवाल्यांना करार करायला लावले. कथेने दाखवलेले हात जोडून उभे असलेले मजूर हे त्या खऱ्या माणसांवर अन्यायच आहेत. तरीही सुपरमॅनने आखलेली रेघ मला मान्य आहे. जमीन हादरते तेव्हा माणसाचं काही चालत नाही, तिथे त्याने यावं. मजुरी किती असावी हे आकाशातून आलेल्या कुणी ठरवलं, तर उद्या ती कमी करण्याची ताकदही त्याच्याच हातात राहते.

कायद्याकडे पाहिलं तर चित्र आणखी वेगळं दिसतं. फ्रान्स आणि जर्मनीत, स्वतःला धोका नसताना संकटातल्या माणसाला मदत न करणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, पण नुसत्या बघ्याला गुन्हेगार ठरवलं नाही. आणि सुपरहिरोंच्या मायदेशात? कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावाच्या खटल्यात २००५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, न्यायालयाचा संरक्षण आदेश हातात असलेल्या स्त्रीलाही पोलिसांनी तो अमलात आणलाच पाहिजे असा घटनात्मक हक्क सांगता येत नाही. तिच्या तीन मुलींचा त्यांच्या बापाने खून केला होता. पगार घेणाऱ्या पोलिसांवर जे बंधन त्या देशाची राज्यघटना घालत नाही, ते बिनपगारी मुखवटाधाऱ्यावर घालायला त्याच देशातल्या कथा इतक्या उतावीळ का असतात, याचं उत्तर कदाचित याच निकालात असेल.

मात्र इंग्रजी परंपरेच्या कायद्यात एक पोटनियम आहे. मदत करणं तुमच्यावर बंधनकारक नसेल, पण एकदा हात घातलात आणि तुमच्या भरवशावर इतर लोक थांबले, तर मध्येच सोडून जाता येत नाही. सुपरहिरोचं खरं देणं मला इथे दिसतं. सुपरमॅन आहे म्हणून शहराने अग्निशमन दल लहान ठेवलं असेल, तर त्याने एका सकाळी न सांगता नाहीसं होणं हा विश्वासघात आहे. त्याने आधी सांगितलं पाहिजे, वेळ दिला पाहिजे, जागी दुसरं कुणी उभं राहीपर्यंत थांबलं पाहिजे. त्यानंतर तो मोकळा आहे.

अखंड रक्षण एका माणसाकडून होत नाही, हे दोन कथांनी फार छान ओळखलं आहे. मराठी वाचकांनी इंद्रजाल कॉमिक्समधून मनापासून वाचलेला वेताळ, म्हणजे ली फॉकचा फँटम, जंगलातल्या लोकांना अमर वाटतो. प्रत्यक्षात ती बापाकडून मुलाकडे आलेली एकवीस पिढ्यांची परंपरा आहे. पहिल्याने १५३६ साली शपथ घेतली, पुढचे जन्मतःच तिच्यात बांधले गेले. त्या मुलांना कुणी विचारलं का, हा प्रश्न ती कथा टाळते. ओझं वाहणाऱ्याचं काय, हा प्रश्न कर्ट ब्यूसिकच्या ‘ॲस्ट्रो सिटी’ने टाळला नाही. १९९५च्या तिच्या पहिल्याच अंकातला समॅरिटन दिवसभर एका संकटाकडून दुसऱ्याकडे झेपावतो. निव्वळ उडण्याचा आनंद त्याला फक्त स्वप्नात मिळतो. पुढच्या एका अंकात त्याचे सहकारी एका संध्याकाळपुरता त्याचा पहारा वाटून घेतात, कारण त्याला एका स्त्रीबरोबर शांतपणे जेवायला जायचं असतं. सुपरहिरोंच्या साऱ्या वाङ्मयात मला ती सर्वांत न्याय्य संध्याकाळ वाटते. अमेरिकेतल्या अनेक अग्निशमन दलांत चोवीस तासांच्या पाळीनंतर अठ्ठेचाळीस तासांची सुट्टी असते, तीही याच समजुतीने.

तेव्हा अखंड रक्षण मागण्याचा हक्क लोकांना आहे, पण तो राज्याकडे, नगरपालिकेकडे, ज्यांना आपण कर देतो आणि मतदान करून बदलू शकतो त्यांच्याकडे. सुपरमॅनकडे डोळ्यांसमोरच्या बुडणाऱ्या मुलाला वाचवण्याची आणि न सांगता निघून न जाण्याची मागणी करता येते. त्यापलीकडे तो जे देईल ते दान आहे.

पुढील लेखात : लढाईत पडलेल्या इमारतींची भरपाई कुणी द्यायची?