जोलोफ भात: घाई कोठे करावी, कोठे करू नये

पश्चिम आफ्रिकेत नायजेरिया, घाना आदी देशांमध्ये लग्नसमारंभ असो की बारसे असो, मेजवानीत तांबडा जोलोफ भात हवाच. सेनेगल परिसरातील वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्यावरून त्याला हे नाव पडले. सेनेगलमधील त्याचा पूर्वज म्हणजे माशांसह रांधलेला ‘चेबू जेन’. त्या पाककलेला 2021 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

समारंभाचा जोलोफ प्रचंड पातेल्यांत, बहुधा लाकडाच्या जाळावर, सावकाश शिजतो. परंतु दिवसभर काम करून सायंकाळी घरी परतलेल्या गृहिणीला तेवढी सवड कोठून असणार? म्हणून पाऊण तासाची एक रीत रूढ झाली आहे. ती समजून घेताना एक प्रश्न मात्र विचारावा लागतो: वेळ नेमका कोठे वाचवावयाचा?

चौघांसाठी दोन वाट्या लांब दाण्याचा उकडा तांदूळ घ्यावा. कोकण-गोव्यात उकडा तांदूळ परिचयाचा आहेच. त्याचा दाणा रश्शात शिजूनही मोडत नाही. तो धुऊन गरम पाण्यात भिजत घालावा. तोवर चार टोमॅटो, दोन तांबड्या ढोबळ्या मिरच्या, एक कांदा व एक तिखट मिरची बारीक वाटावी. मूळ रीतीत हे वाटण अर्धा तास आटवितात. येथे डब्यातील घट्ट टोमॅटोचा गर तीन मोठे चमचे वापरला, की ते आटविणे वाचते. ही पहिली घाई क्षम्य आहे.

पुढची मात्र नाही. अर्धी वाटी तेलात दुसरा कांदा चिरून परतावा, त्यात तो गर घालून पाच मिनिटे आणि नंतर वाटण घालून दहा मिनिटे परतावे. कडेला तेल सुटले पाहिजे. टोमॅटोचा तांबडा रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. शिवाय कच्चा आंबटपणा परतल्यानेच जातो. येथे उतावीळपणा केला, तर जोलोफऐवजी टोमॅटोचा साधा भात पदरी पडतो.

मग मीठ, थाइम ही सुगंधी पाने आणि करी पावडर घालावी. श्रोतेहो, आपल्या मसाल्यांवरून इंग्रजांनी बनविलेली ही पूड त्यांच्याच व्यापारातून आफ्रिकी स्वयंपाकघरात पोहोचली. नंतर निथळलेला तांदूळ घालून, तो जेमतेम बुडेल इतकेच गरम पाणी किंवा मांसाचे सूप ओतावे. झाकण घट्ट लावून मंद आचेवर पंचवीस मिनिटे ठेवावे. मध्ये एकदाच हलक्या हाताने खालीवर करावे. वारंवार ढवळल्यास भात चिकट होतो.

शेवटची दोन-तीन मिनिटे आच वाढवावी. तळाशी लागलेल्या भाताचा खमंग वास वर चढतो आणि चुलीवरच्या पातेल्याची थोडीशी आठवण घरच्या शेगडीवर येते. ही खरपुडी घानात ‘कांझो’ म्हणून आवडीने खातात. प्रेशर कुकरमध्ये भात लवकर होईल, पण वाफेने ओला राहील आणि हा वास त्याला लाभणार नाही.

सारांश, आटविण्यातला वेळ खुशाल वाचवावा. परतण्यातला आणि वाफेवर मुरण्यातला वाचवू नये. एवढे पाळले, तर घाईच्या सायंकाळीही ताटात जोलोफच येईल.