सोलापूर समुद्रात कसे गेले?

सोलापूर शहर सुमारे १७° ४०′ उत्तर अक्षांश आणि ७५° ५४′ पूर्व रेखांश यांवर वसलेले आहे. हे दोन आकडे उलटे करून पृथ्वीगोलावर मांडून पाहा. सोलापूर थेट स्पिट्झबर्गेन बेटाच्या दक्षिणेला, आर्क्टिक प्रदेशातील गारठलेल्या समुद्रात जाऊन पडेल!

संगणकावर नकाशे करताना अशी चूक सहज होते. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो. पण 'जिओजेसन' आणि 'केएमएल' या प्रकारच्या फायलींत रेखांश आधी लिहिण्याचा नियम आहे. दुसरी चूक दशांश चिन्हाची. १७° ४०′ म्हणजे १७.४० अंश नव्हेत. ४० भागिले ६० म्हणजे ०.६७, म्हणून १७.६७ अंश. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. तेव्हा १७.४० लिहिले, तर शहर जवळजवळ ३० किलोमीटर दक्षिणेला सरकेल.

आकडे तेच, जागा वेगळी

या चुका निदान डोळ्यांना दिसतात. तिसरी चूक मात्र लपून बसते. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी पृथ्वीचा आकार आधी ठरवावा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे सर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली मांडलेल्या आकारावर बेतलेले आहेत. सोलापूरचा '४७ ओ/१४' हा नकाशाही त्याच मालिकेतला. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस पद्धत मात्र 'डब्ल्यूजीएस ८४' हा आकार मानते. दोन्हींच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत सुमारे ८३६ मीटरांचा फरक आहे आणि त्यांचे मध्यबिंदूही एके ठिकाणी नाहीत. म्हणून जुन्या नकाशावरून घेतलेले आकडे रूपांतर न करता नव्या नकाशावर मांडले, तर सोलापूर परिसरात जागा शंभर मीटरांहून अधिक चुकते.

शंभर मीटर म्हणजे किती? सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरण घेऊ. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली येथे अभयारण्य झाले. पुढे त्याची हद्द बरीच कमी करण्यात आली. समजा, एका कचेरीने हद्दीची फाईल दिली आणि दुसरीने शेतांच्या गटांची. दोन्हींचे मोजमाप वेगळे असेल, तर कोणा शेतकऱ्याची विहीर कागदावर अभयारण्यात जाईल आणि माळाचा तुकडा बाहेर राहील. फाईल जुन्या हद्दीची की नव्या, हे लिहिले नसेल तर घोटाळा आणखी वाढेल. विहीर आणि माळ जागचे हलत नाहीत. पण परवानगीचा निर्णय कागद पाहून होतो!

फायलींचे बिऱ्हाड

नकाशांच्या देवघेवीत 'शेपफाईल' हा प्रकार फार वापरला जातो. नाव एक, पण फायली अनेक. 'एसएचपी'त आकृत्या असतात, 'एसएचएक्स'मध्ये त्यांची सूची, 'डीबीएफ'मध्ये माहितीचा तक्ता आणि 'पीआरजे'मध्ये मोजमापाची पद्धत. ही शेवटची छोटी फाईल पाठवायची राहिली, तर संगणकाला आकडे मिळतात, पण ते कोणत्या पद्धतीचे हे कळत नाही.

मराठी नावांचीही एक अडचण आहे. 'डीबीएफ'मध्ये स्तंभाच्या नावाला फक्त १० बाइट जागा असते. 'यूटीएफ-८' या लिपिसंकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'सोलापूर' या शब्दात मात्रा धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट! शिवाय घेणाऱ्याने दुसराच लिपिसंकेत धरला, तर गावांच्या नावांऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात.

मग उपाय काय? नकाशा देताना चार गोष्टी सोबत लिहाव्यात : मोजमापाची पद्धत, आकड्यांचा क्रम, लिपिसंकेत आणि नकाशाची तारीख. घेणाऱ्याने आधी एखादी ओळखीची खूण, जसे सिद्धेश्वर तलावातील मंदिर, जागेवर आहे का ते पाहावे.

तुम्हीही करून पाहा. शाळेच्या फाटकाचे अक्षांश-रेखांश फोनवर पाहून लिहून घ्या आणि ते मित्राला द्या. पण पद्धत आणि क्रम सांगू नका. तो नकाशावर शाळेच्या फाटकाशी पोहोचतो, की समुद्रात?