लेपावरची नक्षी : रोजच्या वस्तू आणि डेकोपाजची कला

रोजच्या वापरातली वस्तू टिकावी म्हणून तिच्यावर लेप द्यायचा आणि त्या लेपाला नक्षीने शोभा आणायची, ही रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या दक्षिण तीरावर वसलेल्या मणिबेलीच्या परिसरात आणि सातपुड्यातील भिल, तडवी, पावरा वस्त्यांत घर म्हणजे प्रामुख्याने लाकूड, बांबू, माती आणि शेण यांची जुळणी असते. कुडाच्या भिंतीवर मातीचा गिलावा चढतो आणि धान्य साठवण्याची बांबूची कणगी, जिला या भागात कोठी म्हणतात, ती आतून-बाहेरून शेणमातीने लिंपली जाते. विणलेल्या बांबूच्या फटी त्यामुळे बुजतात, दाणा सांडत नाही, कीड सहजासहजी शिरत नाही आणि वर हात फिरवून आकार उठवता येतील असा सलग पृष्ठभाग तयार होतो. संरक्षण आणि सौंदर्य ही दोन्ही कामे येथे एकाच थरावर होतात. गेल्या काही वर्षांत शहरांतील हस्तकला वर्गांमधून ‘डेकोपाज’ या नावाने जी कला रुजत आहे, तिचे मर्म समजून घेण्यासाठी हा थरच आरंभबिंदू मानणे सोयीचे आहे.

डेकोपाज म्हणजे कागदावर छापलेली किंवा रंगवलेली चित्रे कापून ती लाकूड, पत्रा, काच, माती अथवा पुठ्ठा यांच्या वस्तूवर चिकटवणे आणि त्यावर रोगणाचे, म्हणजे पारदर्शक व्हार्निशचे, एकावर एक इतके थर देणे की कागदाची कड बोटाला जाणवू नये. चित्र नुसते चिकटवले तर काही दिवसांत त्याच्या कडा उचलल्या जातात आणि ओलाव्याने ते फुगते. रोगणाखाली गेलेले चित्र मात्र वस्तूचाच भाग बनते. त्यामुळे या कलेत कात्री आणि गोंद यांच्याइतकेच महत्त्व धीराला आहे, कारण प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा देता येत नाही.

या कलेला युरोपात नाव मिळाले ते एका व्यापारी गरजेतून. चीन आणि जपानमधून येणाऱ्या लाखकामाच्या पेट्या व कपाटे यांना सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपात मोठी मागणी होती, मात्र त्यांची किंमत मोजकेच लोक देऊ शकत. व्हेनिसमधील कारागिरांनी यावर तोड काढली. छापील चित्रे रंगवून, कापून ती फर्निचरवर चिकटवायची आणि वर राळेच्या रोगणाचे अनेक थर चढवून अस्सल लाखकामाची झाक आणायची, अशी ती युक्ती होती. या प्रकाराला तेथे ‘गरिबांचे लाखकाम’ अशा अर्थाचे नाव पडले. व्हेनिसजवळच्या बास्सानो गावातील रेमोंदिनी घराण्याच्या छापखान्याने अशी चित्रे मोठ्या प्रमाणावर छापली आणि पुढे इंग्लंड-फ्रान्समधील सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी हा छंद उचलला. इंग्लंडच्या मेरी डिलेनी यांनी वयाच्या बहात्तराव्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून वनस्पतींची हुबेहूब चित्रे जुळवण्यास प्रारंभ केला. त्यांनी अशी सुमारे १,००० चित्रे घडवली आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेली आहेत. ती घरगुती वस्तूंवर चिकटवण्यासाठी नव्हती, तरी कापलेल्या कागदाला किती सूक्ष्म काम पेलता येते याचा त्याहून चांगला दाखला सापडणे कठीण आहे.

या युरोपीय इतिहासात भारताचाही वाटा आहे. लाखेच्या किड्यापासून मिळणारी लाख शुद्ध करून तिची पातळ पापुद्र्यांसारखी चपडी बनवतात आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवली की फर्निचरला देतात ते पॉलिश तयार होते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणारी ही लाख भारतातून युरोपात जात असे आणि तेथील रोगणकामात वापरली जात असे. महाराष्ट्रात लाखकामाची स्वतंत्र परंपरा सावंतवाडीत आढळते. तेथील चितारी कारागीर गंजिफा, म्हणजे खेळण्याचे गोल चित्रित पत्ते, बनवताना कापड किंवा कागद यांचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांना चिकटवत, त्यावर खडूचा लेप देऊन घोटत, मग रंगकाम करून शेवटी लाखेचा थर देत. दशावतारी गंजिफेच्या एका संचात असे १२० पत्ते असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला जवळजवळ लोपली असताना सावंतवाडीच्या भोसले राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी तिला राजवाड्यातच पुन्हा आश्रय दिला. खळ, थर, घोटाई, चित्र आणि लाख हा क्रम पाहिला की डेकोपाजची सारी शिस्त त्यात आढळते. फरक इतकाच की सावंतवाडीत चित्र वस्तूवरच हाताने रंगवले जाते आणि डेकोपाजमध्ये ते कागदातून कापून चिकटवले जाते.

छापील चित्र सामान्य घरात पोहोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा छापखाना निघाला आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, जो पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवण्यात आला. या छापखान्यांतून निघालेल्या देवदेवतांच्या रंगीत चित्रांनी देवघरे आणि दिवाणखाने भरले. देशाच्या अनेक भागांत या चित्रांवर आणखी हस्तकाम झाले. चित्रातील लक्ष्मीच्या साडीच्या आकाराचे कापड कापून ते तिच्यावर चिकटवायचे, काठाला जर लावायची, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवायचे, असा तो प्रकार होता. छापील चित्राला कात्री, कापड आणि गोंद यांच्या साहाय्याने आपल्या घरचे करून घेण्याची ही हौस डेकोपाजच्या अगदी जवळची आहे.

तरीही मराठी घरातील खरा सख्खा नातलग आहे तो कागद आणि मेथी यांचा लेप. नवे सूप किंवा टोपली आणली की जुन्या कागदांचे तुकडे पाण्यात भिजत घालत, मेथ्या वेगळ्या भिजवत, दोन्ही एकत्र वाटून त्याचा गुळगुळीत लगदा करत आणि तो बांबूच्या विणीवर हाताने दाबून लावत. मेथीच्या दाण्यात पाणी शोषून बुळबुळीत होणारा डिंकासारखा पदार्थ असतो, त्यामुळे वेगळ्या गोंदाची गरज पडत नाही आणि मेथीचा कडवटपणा किडीला दूर ठेवतो. पहिला थर सावलीत वाळू द्यायचा, कारण कडक उन्हात तो भराभर आटून तडकतो, आणि मग दुसरा पातळ थर देऊन हात ओला करून पृष्ठभाग घोटायचा. असे सूप किंवा टोपली अनेक वर्षे पीठ-कोंडा सांभाळते. डेकोपाज करणाऱ्याला बांबूची टोपली सजवायची असेल तर याहून चांगला पाया बाजारात मिळणार नाही, कारण उघड्या विणीवर कागद टिकत नाही, मात्र या लेपावर तो पक्का बसतो.

या कलेची रीत एखाद्या पत्र्याच्या जुन्या डब्यावर नीट समजते. डबा साबणाने धुऊन, तेलकटपणा पूर्ण काढून वाळवावा. मग पॉलिश पेपरने तो हलकेच घासावा, कारण गुळगुळीत पत्र्यावर रंग धरत नाही. गंज असल्यास तो खरवडून त्यावर धातूसाठीचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा पायाथर, द्यावा आणि त्यावर फिकट रंगाचे दोन हात मारावेत. चित्रासाठी पातळ कागद उत्तम. जाड लग्नपत्रिकेतील चित्र वापरायचे झाल्यास तिचा मागचा थर भिजवून सोलून काढावा लागतो. कापताना आधी चित्राच्या आतल्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि मग बाहेरची कड कापावी. कात्रीचा हात स्थिर ठेवून कागद फिरवला की वळणे साफ येतात. तीन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी एवढे मिश्रण डब्यावर आणि चित्राच्या पाठीवर, दोन्हीकडे लावावे. ओला झालेला कागद तंतू फुगल्यामुळे किंचित वाढतो आणि म्हणूनच सुरकुत्या पडतात, हे ध्यानात ठेवून चित्र मध्यापासून कडांकडे ओल्या बोटाने दाबत न्यावे. आत हवा अडकून फुगा राहिला तर तो सुईने टोचून दाबावा. हे सारे एक दिवस वाळू द्यावे आणि मग रोगणाचे पातळ हात द्यावेत. चार-पाच थरांनंतर अगदी बारीक पॉलिश पेपरने पाण्यासह घासून, पुसून, पुन्हा थर चढवावेत. जुन्या पद्धतीत हे थर वीस-तीसपर्यंत जात, आजच्या ॲक्रिलिक रोगणाने आठ-दहा थरांत चांगला परिणाम मिळतो.

सातपुड्यातील पावसाळ्यासारख्या दमट हवेत या कामाची कसोटी लागते. हवेत ओल असताना चपडीचे पॉलिश लावले तर त्यावर दुधाळ झाक येते, आणि कागदात ओल अडकून राहिली तर आतून बुरशी धरते. म्हणून हे काम उघडिपीच्या दिवसांत करावे, आणि लाकडी वस्तूची मागची बाजूही रोगणाने बंद करावी, नाहीतर एका बाजूने ओल शोषून फळी वाकते. चपडीच्या थराला गरम भांडे सोसत नाही, ते त्यावर ठेवले की थर मऊ पडून डाग उमटतो. म्हणून चहाच्या तबकाला उष्णता सोसणारे रोगणच वापरावे. खळीच्या बाबतीतही एक सावधगिरी आवश्यक आहे. पुस्तकबांधणीत कीड लागू नये म्हणून कणकेच्या खळीत मोरचूद घालण्याची रीत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने स्वयंपाकघरातील वस्तूंसाठी ती खळ कधीही वापरू नये. त्याचप्रमाणे गोंद आणि रोगण लावलेला भाग अन्नाला लागता कामा नये. डबा असो वा बरणी, सजावट बाहेरच्या बाजूला आणि तोंडाच्या काठापासून दोन बोटे खालीच असावी. चुलीजवळ किंवा समईखाली ठेवायच्या वस्तूंवर ही कला करू नये, कारण कागद, गोंद आणि रोगण हे तिन्ही पेट घेणारे पदार्थ आहेत.

चित्रे निवडतानाही विचार हवा. देवादिकांची चित्रे पाय लागेल किंवा उष्टे पडेल अशा पाटावर व तबकावर चिकटवणे मराठी घरात रुचत नाही, आणि ते योग्यच आहे. पाने, फुले, पक्षी, जुन्या नकाशांचे तुकडे, मुलांनी काढलेली चित्रे यांना मात्र कोठेही जागा मिळू शकते. आदिवासी चित्रांबाबत अधिक काळजी घ्यावी लागते. नर्मदेच्या उत्तरेकडील छोटा उदेपूर भागात राठवा समाज भिंतीवर काढतो ते पिठोरा चित्र नुसती सजावट नव्हे. ते नवसाच्या आणि पूजेच्या विधीचा भाग असते. त्यातील घोडे कापून ट्रेवर चिकटवण्याआधी ते कोणाच्या श्रद्धेतून आले याची जाण असणे आणि चित्रकाराकडून चित्र विकत घेणे, ही किमान मर्यादा पाळली गेली पाहिजे.

मणिबेलीचे नाव या लेखात येते ते आणखी एका कारणाने. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या जलाशयामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली, त्यांत मणिबेली हे राज्याच्या हद्दीतील पहिले गाव. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात येथे नर्मदा बचाओ आंदोलनाचे सत्याग्रह झाले आणि १९९४ साली जागतिक बँकेच्या मोठ्या धरणांना होणाऱ्या अर्थसाहाय्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याला याच गावाचे नाव देण्यात आले. शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिरही जलाशयाखाली गेले. घर हलवावे लागते तेव्हा भिंत मागे राहते आणि भिंतीवरची नक्षीही तिच्याबरोबर मागेच राहते. शेणमातीने लिंपलेली मोठी कणगी उचलली की तिचा लेप तडकतो. पेटी, डबा, टोपली एवढेच बरोबर नेता येते. ज्या समाजाने आपली कला भिंतीवर आणि जमिनीत रोवलेल्या वस्तूंवर फुलवली, त्याच्यासाठी विस्थापन हे कलेचेही विस्थापन असते. म्हणूनच हलवता येणाऱ्या रोजच्या वस्तूंवर नक्षी टिकवणारे कोणतेही तंत्र तेथे केवळ छंद ठरत नाही.

आंदोलनाने नर्मदेच्या खोऱ्यात चालवलेल्या जीवनशाळांसारख्या निवासी शाळांत, तसेच आश्रमशाळांच्या कार्यानुभवाच्या तासाला, हे तंत्र स्थानिक साहित्यातून शिकवता येण्याजोगे आहे. सातपुड्यात धावड्याचा डिंक मिळतो, बांबू विणणारे हात आहेत, कागद-मेथीचा लेप अल्प खर्चाचा आहे आणि मुले स्वतःच्या बोलीतील गोष्टींची चित्रे काढतात. ती चित्रे त्यांच्याच टोपल्यांवर चढली तर परक्या छापील फुलांची गरज उरणार नाही.

डेकोपाजसाठी दुकानातून महागडे संच आणण्याआधी वाचकांनी एवढे करावे. घरातील वापरात असलेली एक वस्तू निवडावी, तिची डागडुजी आधी करावी, आणि टोपली हवी असेल तर ती बुरुडाकडून किंवा आदिवासी कारागिराकडून योग्य मोल देऊन घ्यावी. सजवलेली वस्तू कपाटात ठेवू नये, ती वापरावी, कारण जी वस्तू रोज हाताळली जाते तिचीच निगा राखली जाते.