तिकीट तुमचं, फोटो कुणाचा?

'हे दहा रुपयांचं माझ्याकडं कधी नव्हतंच गं!'

मामांनी लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट ठेवलं आणि माझा पडलेला चेहरा बघून हसायला लागले. मग एकदम सीरियस. 'उद्या मी नसताना पोरं ही लिस्ट बघतील. म्हणतील, हे कुठं गेलं? कुणी नेलं? भांडणं लावतेस का?'

झालं होतं असं, की मामांच्या पोस्टाच्या तिकिटांची डिजिटल लिस्ट करायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. मामा जवळा बाजारला राहतात. परभणीहून हिंगोलीच्या एसटीत बसायचं आणि औंढा नागनाथच्या अलीकडे उतरायचं. मुलं दोन, एक पुण्यात, एक हैदराबादला, आणि अल्बममध्ये काय आहे ते दोघांनाही माहीत नाही. त्यात एका अल्बमच्या पानांना कसर लागलेली. म्हणून मामांना यादी हवी होती, फोटोसकट.

आता आपण ऑफिसवाले लोक काय करणार? एक्सेल शीट उघडणार आणि फोटो नेटवरून उचलणार! मीही तेच केलं. गांधीजींची 15 ऑगस्ट 1948ची तिकिटं शोधली, तर चारचा सेट चक्क एका क्लिकवर मिळाला. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापलेली, देखणी. टाकला सेट शीटमध्ये. मामांच्या अल्बममध्ये त्यातली पहिली तीनच होती, हे बघायचं राहूनच गेलं. बरं, त्या दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकलाही बाजारात भरपूर फिरतात. म्हणजे जे मामांकडे नाही, त्याचा मी फोटो लावला, आणि तो तरी अस्सलचा होता की नाही कोण जाणे!

पुढची चूक निजामाच्या तिकिटांत. हा भाग 1948पर्यंत हैदराबाद संस्थानात, त्यामुळे मामांकडे संस्थानाची तिकिटं असणारच. 1931च्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार आहे, आठ आण्यावर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार. (मराठवाड्यातल्या वाचकांनो, कॉलर टाइट करायला हरकत नाही.) मी चारमिनारचा झकास फोटो लावला. पण मामांच्या तिकिटावर काळ्या शाईत उर्दू अक्षरं छापलेली होती. मला वाटलं, शिक्का असेल. तो शब्द होता 'सरकारी'. सरकारी टपालासाठी तीच तिकिटं असा शब्द छापून वापरत. म्हणजे चित्र तेच, पण कॅटलॉगमधला नंबर वेगळा.

काही फरक तर समोरून दिसतच नाहीत. नवे पैसे आले तेव्हा 1957मध्ये भारताच्या नकाशाची तिकिटं निघाली. त्या कागदात ताऱ्यांचा वॉटरमार्क आहे. 1958पासून तेच नकाशाचं चित्र अशोकस्तंभाच्या वॉटरमार्कच्या कागदावर यायला लागलं. सुटं तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथं ठेवलं की तो बऱ्याचदा दिसतो. नेटवरचा फोटो समोरूनच काढलेला असतो, तो काय सांगणार?

म्हणून नेट वापरूच नका असं नाही हं. ओळख पटवायला ते हवंच. विकिमीडिया कॉमन्सवर भारतीय तिकिटांचा मोठा साठा आहे. कोलनेक्टवर देश आणि वर्ष टाकून शोधता येतं. तिथून नाव, साल, किंमत घ्या. फोटो मात्र तुमच्याच तिकिटाचा हवा. एखादा नेटचा ठेवलाच, तर शेजारच्या रकान्यात तसं लिहा. मी आता 'फोटो कुठला' असा एक रकानाच केलाय.

दुसऱ्या दिवशी मामांच्या शेजाऱ्यांचा काचेचा स्कॅनर आणला. कागद आत ओढून घेणारा स्कॅनर चुकूनही वापरू नका, तिकिटाचा चुरा होईल. तिकीट चिमट्यानं उचलायचं, वर काळा कागद ठेवायचा म्हणजे कडेची छिद्रं मोजता येतात. रिझोल्यूशन सहाशे डीपीआय, आणि ऑटो कलर बंद, नाहीतर फिकट केशरी तिकीट झगझगीत दिसतं. फाइलला शीटमधलाच नंबर द्यायचा. एका दुपारी चाळीस झाली. मामी दर अर्ध्या तासानं चहा आणत होत्या आणि दर वेळी मी 'तिकडे ठेवा, लांब!' असं ओरडत होते.

मग आलं संत नामदेवांचं, 1970चं, 20 पैशांचं. नामदेवांचं नरसी आपल्या हिंगोली जिल्ह्यातलं, त्यामुळे हे घरचंच तिकीट. नेटवर मला त्याचा कोरा करकरीत फोटो मिळाला होता. मामांचं मात्र पाकिटाला चिकटलेलं. आजोबांनी तेव्हाच्या औरंगाबादला, मामांच्या होस्टेलवर पाठवलेलं पत्र. शिक्का अर्धा पुसलेला, पण 'जवळा' एवढं वाचता येतं. मी म्हटलं, 'भिजवून काढू या का?' मामांनी पाकीट माझ्या हातातून काढूनच घेतलं.

'काढलं तर मग ते कुठून आलं, कसं कळायचं?'

पाकीट दोन्ही बाजूंनी स्कॅन केलं. मामांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, शेरा टाइप केला : 'वडिलांचं पत्र. विकायचं नाही.' दहा रुपयांची ओळ मी डिलीट केली. कसर लागलेला अल्बम अजून बाकी आहे, तो दिवाळीच्या सुट्टीत.