आरशाच्या कडेचा टवका

दुर्बिणीचा आरसा घरी घासणाऱ्याच्या कानांना थोड्याच दिवसांत एका आवाजाची सवय होते. दोन काचांच्या तबकड्यांमध्ये कार्बोरंडमची ओली पूड भरडली जात असतानाचा तो एकसुरी खरखराट होय. त्यात मध्येच ‘टच्’ असा बारीक आवाज उठला, की हात थांबतात. वरची तबकडी उचलून पाहावी, तो तिच्या कडेचा नखाएवढा टवका उडालेला असतो. सारे श्रम वाया गेले, अशा समजुतीने नवशिका दुसरी काच आणावयास निघतो. बहुधा हा खर्च अनाठायी ठरतो.

मुळात काच घासणे म्हणजे तिचे सूक्ष्म टवके उडविणेच होय. पुडीचे कण दोन तबकड्यांमध्ये लोळतात आणि पृष्ठभागाचे बारीक कपचे काढतात. मध्यभागी प्रत्येक कणाभोवती काचेचा आधार असल्यामुळे कपचा लहानच राहतो. कडेशी मात्र एक बाजू मोकळी असते. तेथे निघालेल्या भेगेला अडविणारे काही नसते. ती सरळ बाहेर पडते आणि शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी गुळगुळीत, वळणदार खाच मागे ठेवते.

म्हणून दोन्ही तबकड्यांची तीक्ष्ण धार आधीच मोडून तेथे सुमारे दोन मिलिमीटर रुंदीची तिरपी पट्टी काढून ठेवावी लागते. धार लावण्याचा कार्बोरंडमचा दगड ओला करून तो पृष्ठाकडून खाली, बाजूकडे ओढावा. खालून वर ढकलला, तर तोच नवे टवके काढील. पाण्यात कसूर करू नये, कारण काचेची कोरडी धूळ फुप्फुसांना घातक असते.

पट्टी एकदा काढली की काम संपले, असे मात्र नाही. १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या आरशाचा खळगा जेमतेम १.१७ मिलिमीटर खोल असतो. परंतु वरची तबकडी जितकी मधोमध खोल होते, जवळजवळ तितकीच खालची तबकडी कडेने झिजते. तिची पट्टी बरीचशी खाल्ली जाते व धार पुन्हा उघडी पडते. टवके पुष्कळदा उडतात ते याच दुर्लक्षामुळे. पुडीचा नंबर बदलताना पट्टी तपासावी.

इतके करूनही टवका उडालाच, तर प्रथम तो प्रकाशाकडे धरून पाहावा. खाचेतून आत शिरलेला तडा दिसला, तर ती काच टाकणेच शहाणपणाचे. तडा पुढे वाढू शकतो. नुसता टवका असेल, तर त्याच्या कडा ओल्या दगडाने बोथट कराव्यात. खाच समूळ नाहीशी करण्याच्या हट्टाने सारा आरसा घासून काढण्यात अर्थ नाही.

खरा शत्रू खाच नसून तीत दडून बसणारा कण आहे. ८० नंबरच्या पुडीचा कण सुमारे पंचमांश मिलिमीटरचा असतो. शेवटच्या बारीक पुडीचा त्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढा. असा एक जाड कण बारीक घासणीच्या वेळी बाहेर आला, तर आरशाभर ओरखडा उमटतो आणि मागील कित्येक तासांचे काम पुन्हा करावे लागते. म्हणून प्रत्येक नंबरानंतर ती खाच साबण, पाणी आणि ब्रश यांनी खरवडून धुवावी.

प्रकाशाची हानी मात्र नगण्य होय. सहा मिलिमीटर लांब व तीन मिलिमीटर रुंद टवका या आरशाचा जेमतेम हजारावा भाग व्यापतो. दुर्बिणीतील ३५ मिलिमीटरचा छोटा तिरपा आरसा याच्या पन्नासपट प्रकाश अडवितो, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मॅक्डोनाल्ड वेधशाळा आहे. १९७० साली तेथील एका कर्मचाऱ्याने २.७ मीटर व्यासाच्या आरशावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. काच दुभंगली नाही. पडलेले खळगे कोरून साफ केले व काळे रंगविले. प्रकाश सुमारे एक टक्का घटला आणि वेध पुढे चालू राहिले.

घरच्या आरशाचा टवकाही असाच काळा करावा, म्हणजे त्यावरून भलता प्रकाश विखुरणार नाही. मात्र हा रंग ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आणल्यानंतरच लावावा. मुलामा निर्वात पेटीत चढवितात आणि तेथे रंगातून निघणारी वाफ त्या कामाची नासाडी करते.